कोंड्यावरचा आरोप मी मागे घेतो

वराहपालकांना खाद्याचा सल्ला देताना माझं एक वाक्य ठरलेलं असे: खाद्यात चोथा वाढला की चरबी पचत नाही, ती विष्ठेतून वाया जाते. वाढत्या डुकरांच्या खाद्यात तेल घालायचं असेल तर कोंडा कमी करा, असं मी ठामपणे सांगायचो. आता मी तसं सांगत नाही.

त्या मताला आधार होता. चोथ्यामुळे खाद्य आतड्यातून लवकर पुढे सरकतं, त्यामुळे पित्ताला आणि स्वादुपिंडातून येणाऱ्या लायपेजला तेलावर काम करायला वेळ कमी मिळतो. प्रयोगशाळेचे आकडेही तेच दाखवत. खाल्लेल्या चरबीतून विष्ठेतली वजा केली की कोंड्याच्या खाद्याचं पचन हमखास खाली आलेलं दिसे.

माझी शंका सुरू झाली ती या वजाबाकीपाशी. विष्ठेतली सगळी चरबी खाद्यातून आलेली नसतेच. पित्तातली असते, आतड्याच्या अस्तरातून झडलेल्या पेशींची असते, आणि मोठ्या आतड्यात चोथ्यावर पोसलेल्या जिवाणूंनी स्वतः तयार केलेलीही असते. समजा, खाद्यातली ९० टक्के चरबी खरोखर पचते आणि शरीरातून रोज ८ ग्रॅम बाहेर पडते. डुकराने ३० ग्रॅम चरबी खाल्ली तर विष्ठेत ३ अधिक ८, म्हणजे ११ ग्रॅम सापडेल आणि कागदावर पचन ६३ टक्के दिसेल. त्याच डुकराने १०० ग्रॅम खाल्ली तर १८ ग्रॅम सापडेल आणि पचन ८२ टक्के होईल. आतड्याच्या कामात काडीचा फरक नाही, तरी आकडा १९ टक्क्यांनी वर. कोंड्याचे बरेचसे आकडे मी या दृष्टीने कधी पाहिलेच नव्हते. शिवाय मोठ्या आतड्यातले जिवाणू असंपृक्त मेदाम्लांना संपृक्त करतात, त्यामुळे कधीकधी खाल्ल्यापेक्षा जास्त स्टिअरिक आम्ल विष्ठेत निघतं. म्हणूनच जाणकार संशोधक लहान आतड्याच्या टोकाला नळी बसवून तिथला नमुनाही तपासतात.

माझं मत पुरतं बदललं ते अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डॉ. हान्स स्टाइन यांच्या गटाने केलेल्या कामामुळे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात वाढत्या डुकरांना एकीकडे काढलेलं मक्याचं तेल दिलं, दुसरीकडे तेल न काढलेला मक्याचा अंकुर दिला, आणि शुद्ध केलेला चोथा वेगळा घालून पाहिला. काढलेलं तेल स्पष्टपणे जास्त पचलं. अंकुरातलं कमी पचलं, आणि त्या खाद्यावर शरीरातून पडणारी चरबीही जास्त होती. शुद्ध चोथ्याने मात्र चरबीच्या पचनात फारसा फरक पडला नाही.

मला हे फार मोलाचं वाटतं. चोथा नुसता शेजारी असल्याने तेलाचं फारसं बिघडत नाही. तेल पेशीच्या भिंतीआड अडकलेलं असलं की बिघडतं, कारण ती भिंत फुटल्याशिवाय पित्त आणि लायपेज आत पोचतच नाहीत. एकच धान्य, एकच तेल, पण कोठडीतलं आणि मोकळं यांत एवढं अंतर.

कोकणात आणि गोव्यात याचा थेट संबंध भाताच्या कोंड्याशी येतो. चांगल्या कोंड्यात १५ टक्क्यांच्या आसपास तेल असतं. त्याचा चोथा बहुतेक अविद्राव्य असतो. बार्लीतल्या चोथ्यासारखा तो आतड्यात चिकट होत नाही. (चिकट चोथ्याबद्दलची माझी सावधगिरी कायम आहे, तो चरबीच्या पचनात खरोखर अडथळा आणतो.) हलर गिरणीतल्या कोंड्यात तूस मिसळलेलं असतं. ते खाद्याची ताकद पातळ करतं, पण म्हणून त्याला चरबीचा चोर ठरवणं अन्यायाचं आहे. कोंड्याचा खरा शत्रू शिळेपणा. दळल्यावर त्यातलंच लायपेज तेल तोडू लागतं आणि थोड्याच दिवसांत कोंडा खवट होतो.

सावंतवाडीकडचे एक पालक मला विचारत होते, ‘डॉक्टरांनू, कोंडो बंद करू काय?’ पूर्वी मी लगेच हो म्हटलं असतं. या वेळी मी कोंडा किती ताजा आहे आणि किती बारीक दळला आहे ते विचारलं, आणि चालू ठेवा म्हणालो.

हिशेबात मात्र एक बदल केला आहे. पिशवीवर छापलेल्या ‘स्निग्धांश’ या एका आकड्यावर मी आता खाद्य बसवत नाही. कोंड्यातल्या, मक्यातल्या तेलाला कमी किंमत धरतो, वरून ओतलेल्या तेलाला जास्त. खाद्य बनवणाऱ्यांना हे किचकट वाटतं, त्यांना एकच आकडा हवा असतो. पण डुकराच्या आतड्यात ही दोन तेलं सारखी वागत नाहीत, तेव्हा ती एका रकान्यात मांडायला मी तयार नाही.