खालच्या पट्टीतलं ‘नाही’

मारुंजीवरून नेऱ्याकडे येताना एका अंगाला हिंजवडीचे टॉवर दिसतात, दुसऱ्या अंगाला उरलीसुरली भातखाचरं. माझा धंदा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो. व्हिडिओत माणूस बोलतो, मी त्याचं बोलणं पडद्याच्या तळाशी लिहिते. नातेवाईक अजून विचारतात, “म्हणजे टायपिंगच ना?”

दोन पावसाळ्यांपूर्वी गावातल्याच एका आबांचा चारसूत्री भातलागवडीचा व्हिडिओ हाती आला. रोपांच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी खोचायची, हे ते चिखलात उभं राहून दाखवत होते. “आन् गोळी लावली का पुन्हा वरून युरिया फेकायचा नाही.” वाक्य एका पट्टीत मावेना. आबा शेवटी जरा थांबले होते, आवाजाच्या आलेखात तिथे छान खाच दिसत होती. मी तिथेच कापलं. एका पट्टीत ‘पुन्हा वरून युरिया फेकायचा’, पुढच्या पट्टीत एकटंच ‘नाही’.

लोक मोबाइलवर आवाज बंद करून बघतात. कुणीतरी नेमकी पहिली पट्टी थांबवून तिचा स्क्रीनशॉट शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी आबा दारात. “पोरी, मी नको म्हणतोय आन् तू मला फेका म्हणायला लावतीस व्हय?”

मराठीत नकार शेवटी येतो. इंग्रजीत तो बहुधा क्रियापदाच्या आधीच येऊन बसतो, त्यामुळे तिथे पट्टी क्रियापदापाशी तुटली तरी अर्थ सहसा उलटत नाही. तेव्हापासून ‘नाही’, ‘नको’, ‘नये’ मी क्रियापदापासून तोडत नाही. पट्टी सेकंदभर जास्त रेंगाळली तर रेंगाळू दे.

सॉफ्टवेअर मात्र कुरकुरतं. एका वेळी दोन ओळी, फार तर सातेक सेकंद आणि सेकंदाला ठरावीक अक्षरं, असा सबटायटलचा रिवाज आहे. मर्यादा ओलांडली की माझ्याकडे पट्टी लाल होते. पण अक्षरं मोजायची कशी? ‘विद्यार्थ्यांच्या’ हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा, वि-द्या-र्थ्यां-च्या. युनिकोडच्या हिशेबात प्रत्येक काना, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला लपलेला हलन्त धरून तो सतरा भरतो! लाल रंगाला भिऊन सुरुवातीला मी चांगली वाक्यं छाटली. आता मोठ्याने वाचून बघते. बोलणाऱ्याबरोबर माझं वाचून झालं, तर लाल खुशाल लाल राहो.

वेलांटीने आणखीही छळलंय. प्रीमिअर प्रोच्या जुन्या आवृत्त्यांत मजकुराची सेटिंग ‘साउथ एशियन’वर नेली नाही, तर ‘किती’तली पहिली वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन बसायची. एसआरटी फाइल यूटीएफ-८मध्ये साठवायला विसरलं की पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं.

हल्ली ऐकून लिहिणारं यंत्र मीही वापरते, वेळ वाचतो. त्याने आबांच्या ‘आवणी’ची ‘श्रावणी’ केली, ते समजू शकते. पण एका शिकलेल्या माणसाने सुचवलं, ‘आवणी’ऐवजी ‘पुनर्लागवड’ लिहा, शुद्ध दिसेल. मला हे पटत नाही. ज्याला ऐकू येतं त्याला ‘आवणी’ आणि ज्याला येत नाही त्याला पुस्तकातला शब्द, हा कुठला न्याय? ऐकू न येणाऱ्यालाही सारखंच मिळावं म्हणून तर २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे, मार्च २०२४मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठीही मार्गदर्शक तत्त्वं काढली. कर्णबधिरांसाठी लिहिताना संवादाबरोबर आवाजही लिहायचे असतात, दार वाजलं, पंप सुरू झाला, असे.

दुरुस्त केलेला व्हिडिओ आबांना दाखवला. त्यांनी आवाज बंद करून दोनदा पाहिला, ‘नाही’ जागेवर आहे याची खात्री केली. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, “हितं मागं बेडूक वरडत व्हता. त्ये नाय लिवलं.”

त्याच रात्री लिहिलं, कंसात.