आता थांबा, हे सांगायचं कुणी?

२७ जून २०२४. अटलांटातली बायडेन-ट्रम्प डिबेट बघायला आमच्या न्यू जर्सीतल्या घरी मित्रमंडळी जमलेली. भेळ, बिअर, फुल टू माहोल! पण पंधरा मिनिटांतच सगळे चिडीचूप. ८१ वर्षांचे बायडेन वाक्य सुरू करायचे आणि मध्येच हरवायचे.

टीव्ही बंद झाला आणि जुंपली. "बास आता, दुसरा उमेदवार आणा," एक मित्र म्हणाला. बायको उसळली, "एका रात्रीवरून? आणि चार वर्षांचं काम?" माझी मात्र गोची. ४ जूनला इथल्या प्रायमरीत मी बायडेननाच मत दिलं होतं. आता डोनर आणि नेते ठरवणार, तर माझ्या मताचं काय? मी तावातावाने भांडलो.

रात्री अकराला पुण्याला फोन लावला. तिकडे सकाळ. आई हळूच म्हणाली, "बाबांनी पुन्हा गाडी घासली. तूच सांग ना, आता चालवू नका म्हणून." मी नेहमीसारखा विषय बदलला. आणि ट्यूब पेटली! मघाशी मी मतासाठी कुठे भांडत होतो? म्हाताऱ्या माणसाला 'थांबा' म्हणायची हिंमतच नव्हती.

२१ जुलैला बायडेननी माघार घेतली. कमला हॅरिस उतरल्या, नोव्हेंबरमध्ये हरल्या. ते आधीच थांबले असते तर? आमच्यात अजून वाद रंगतो.

बाबांना मी त्याच आठवड्यात सांगितलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला, "रिक्षावाले फार लुटतात रे!"