तानपुरा, लेटन्सी आणि आमच्या बाई

गाण्याच्या परीक्षांना नावं ठेवायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. "विशारद झालीये म्हणे, पण सूर कुठे लागतोय?" हे वाक्य तुम्हीही कुठल्यातरी लग्नात कुठल्यातरी काकांच्या तोंडून ऐकलं असणार. काका स्वतः कधी प्रारंभिकलाही बसलेले नसतात, हा भाग वेगळा.

गेली चार वर्षं मी दर शनिवारी सकाळी आठला बाईंकडे गाणं शिकायला जातो. आमची 'मोठ्यांची' बॅच म्हणजे मी, एक सीए आणि बँकेतून रिटायर झालेल्या एक काकू. आम्हाला परीक्षा नाही, त्यामुळे प्रगतीही आमच्या सोयीने चालते. आमच्यानंतर नऊला पोरांची बॅच येते आणि मी मुद्दाम थोडा रेंगाळतो, कारण ती बॅच बघण्यासारखी असते. गांधर्वच्या परीक्षेची तयारी जोरात चाललेली असते. "राग भूप, वादी गंधार, संवादी धैवत, मध्यम निषाद वर्ज्य, जाती औडव-औडव, गानसमय रात्रीचा पहिला प्रहर.." हे सगळं सकाळी सव्वानऊला, एका श्वासात, पाढे म्हटल्यासारखं. बाहेर कुणाची तरी आई स्कूटरवर बसून फोनवर बोलत असते.

हसू येतं खरं. पण ही परीक्षा आली कुठून ते एकदा बघा, म्हणजे हसू जरा आवरतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तुम्हाला-मला गाणं शिकायचं असतं, तर एक तर त्या घराण्यात जन्म घ्यायला हवा होता, नाहीतर गुरूच्या घरी वर्षानुवर्षं पाणी भरायला हवं होतं. विष्णु दिगंबर पलुस्कर स्वतः मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे असेच शिकले. आणि मग त्यांनी 1901 साली थेट लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या दरबारी नोकरी नाही, लोकांच्या देणग्या आणि गाण्याचे जाहीर कार्यक्रम यावर संस्था चालवायची. अभ्यासक्रम, छापलेली पुस्तकं, नोटेशन, वर्ग, परीक्षा. इकडे मुंबईत भातखंडे, पेशाने वकील, गावोगाव फिरून बंदिशी गोळा करत होते आणि क्रमिक पुस्तकांत छापत होते. घराण्यांच्या कुलुपातलं गाणं कारकुनाच्या, मास्तरांच्या घरात पोचलं ते या दोघांमुळे. आपल्या आई-आजीच्या पिढीत कितीतरी जणी पेटी घेऊन बसायच्या आणि त्यांना यमन-भूप-दुर्गा यायचे, ते या परीक्षांच्या जोरावर.

आणि पैशांचं म्हणाल तर ते तेव्हाही जमत नव्हतं. पलुस्करांची मुंबईतली स्वतःची इमारत कर्जापायी लिलावात गेली. 1931 मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. आज आपल्या पोरांच्या परीक्षा घेतं ते हेच मंडळ.

असो. आता आजचं बघू.

महाराष्ट्रात दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे जादा गुण मिळतात. त्यामुळे सातवी-आठवीत बाईंचा क्लास भरतो, नववीत ओसंडतो आणि दहावीचा फॉर्म भरून झाला की रिकामा होतो. बाई त्याला 'गळती' म्हणतात. मला वाटलं होतं, त्यांना याचा राग येत असेल. एकदा विचारलंच. तर म्हणाल्या, "अरे, मार्कांसाठी वीस आली की त्यातलं एखादं टिकतं. मार्क नसते तर ते एखादं तरी कुठून आलं असतं? आणि त्या वीस जणांच्या फीमध्ये खोलीचं भाडं निघतं, ते तू देणारेस का?"

मी गप्प. (हा प्रश्न पुढे परत येणार आहे.)

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की कला हा 'अवांतर' विषय नाही, शास्त्र आणि कला यांच्यात भिंत नको. वाचायला फार छान वाटतं. पण माझ्या ओळखीतल्या पोरांच्या शाळांमध्ये गाण्याचा तास गॅदरिंगच्या आधी दोन महिने उगवतो आणि गॅदरिंग झालं की मावळतो. बाकीचं वर्षभर गाणं शिकवायचं काम कोण करतं? गल्लीतल्या कुणाच्यातरी बाई, पुढच्या खोलीत, सतरंजीवर. त्यांना ना पगार, ना पीएफ. धोरणात त्यांच्यासाठी कॉलम नाही.

2020 मध्येच लॉकडाऊन लागला आणि बाईंचा क्लास एका आठवड्यात ऑनलाईन गेला. सेटिंग करून द्यायला अर्थातच मी (फोनवरून!). न्यू जर्सीतल्या माझ्या ताईची मुलगी तेव्हाच बाईंकडे शिकायला लागली, ती अजून शिकतेय. तिच्यामागून तिच्या मैत्रिणी आल्या. थोडक्यात, गाडी रुळावर.

पण पहिल्याच दिवशी बाई वैतागून म्हणाल्या, "माझा तानपुरा कुठे गेला?" तानपुरा बाईंच्या मांडीवर व्यवस्थित वाजत होता. पलीकडे मात्र ऐकू येत नव्हता. व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर काय करतं, सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी असणार असं धरतं आणि तो गाळून टाकतं. तानपुरा बिचारा सतत आणि एकसारखाच वाजतो, त्याचं कामच ते! ज्याच्यावर सगळं गाणं उभं असतं तो आवाज आमच्या धंद्यातल्या लोकांनी नॉइज म्हणून कापून टाकला. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाचं बटण असतं, ते चालू केल्यावर तानपुरा परत आला. हे सोपं होतं.

अवघड होती ती लेटन्सी. जरा हिशोब करू, कंटाळू नका. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे खोलीत माझ्यापासून दोन मीटरवर बसलेल्या बाईंचा आवाज मला सहा मिलिसेकंदांत पोचतो. पंचवीस-तीस मिलिसेकंदांपर्यंत माणसं एकत्र गाऊ-वाजवू शकतात, त्यापुढे लय ओढली जायला लागते. पुणे ते न्यू जर्सी हे अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे नाकासमोर सरळ केबल टाकली, मध्ये एकही राऊटर नसला, तरी साठहून जास्त मिलिसेकंद एका बाजूचेच गेले. प्रत्यक्षात दीडशे-दोनशे. बाई ठेका लावतात, तो पोरीला दोनशे मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. ती त्यावर अगदी बरोबर समेवर येते. तिची सम परत येताना पुन्हा दोनशे. द्रुत तीनतालात मिनिटाला 240 मात्रा असतील तर एक मात्रा अडीचशे मिलिसेकंदांची. म्हणजे पोरगी स्वतःच्या घरात शंभर टक्के बरोबर आणि बाईंच्या कानात दीड मात्रा चुकलेली! यावर कितीही मोठं बजेट घ्या, कुठलाही आर्किटेक्ट आणा, प्रकाशाचा वेग वाढवता येत नाही. जॅमुलससारखी सॉफ्टवेअर्स आहेत, शहरातल्या शहरात, वायरने जोडलेल्या मशीनवर बरी चालतात. अटलांटिक ओलांडून नाही.

म्हणून ऑनलाईनमध्ये एकत्र गाणं बंद होतं. बाई एक जागा म्हणतात, थांबतात, पोरगी ती म्हणते. ठेका तिने तिच्याकडे अ‍ॅपवर लावायचा. यातही शिकणं होतं हो, भाची छान गाते. पण खोलीत बाई काय करतात ते मी चार वर्षं बघतोय. मी 'ग' लावला आणि तो केसभर उतरला, तर त्या थांबवत नाहीत, सांगत नाहीत. माझ्या आवाजात आपला आवाज मिसळतात. आपोआप माझा सूर वर सरकतो आणि बसला की त्या हळूच बाजूला होतात. सूर तोंडात असतानाच दुरुस्त होतो. कॉलवर दोघं एकदम गायला लागलो की सॉफ्टवेअर एकाचा आवाज दाबतं. ताई परवा विचारत होती, "ते ग्राफ दाखवणारं अ‍ॅप घेऊ का रे? सूर चुकला की लाल होतं म्हणे." घे म्हटलं, रियाजाला उपयोग आहे. पण लाल झालं हे सूर लावून झाल्यावर कळतं. बाईंचं तसं नसतं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. बाईंची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीय. जवळपास भाड्याने खोली बघितली तर आकडे ऐकून त्या नुसत्या हसल्या. मग मला म्हणाल्या, "तू कॉम्प्युटरवाला ना, मला नीट मांडून दे." मी एक्सेल शीट केलं. एका बाजूला शनिवार-रविवारच्या बॅचेस, खोलीचं भाडं, गळती. दुसऱ्या बाजूला अमेरिका आणि इंग्लंडची मुलं, भाडं शून्य, फी चौपट. शीटला काही शंकाच नव्हती. दोन दिवस मी ते पाठवलं नाही, मग पाठवलं. आकडे त्यांचे आहेत, घर त्यांना चालवायचंय. 'परंपरा' वगैरे गप्पा मारायला मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, त्यांना नाही.

पण शीट करताना एक गोष्ट दिसली. मी आणि सीए, आम्ही दोघंही त्या आठवीतल्या पोरांइतकीच फी देतो. आमच्या ऑफिसखालच्या कॅफेत दोघांनी कॉफी-सँडविच घेतलं की तेवढं बिल होतं! जिमला मी वर्षाचे एकदम भरतो आणि फेब्रुवारीनंतर जात नाही. म्हणून मी आणि सीएने मिळून बाईंना सांगितलं, मोठ्यांच्या बॅचची फी तिप्पट करा आणि पोरांची आहे तीच ठेवा. बाई भडकल्या. "फी म्हणजे काय लिलाव आहे का? सगळ्यांना एकच." अर्धा तास वाद झाला. शेवटी काकूंनी (बँकेत छत्तीस वर्षं काढलेली बाई) मध्यस्थी केली: फी एकच राहील, खोलीचं भाडं मात्र मोठ्यांची बॅच भरेल. बाई हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. पुण्यात याला होकार समजतात. :)

तरीसुद्धा तीन जणांत भाडं झेपत नाही, निदान पाच-सहा तरी हवेत. म्हणून जवळच्या एका शाळेचा वर्ग शनिवार-रविवार सकाळी मिळतो का ते बघतोय. अर्ज मी टाईप करून दिलाय, मुख्याध्यापिका मीटिंगमध्ये विषय ठेवतो म्हणाल्यात. बाई वर्ग बघून आल्या, बाकं सरकवून सतरंजी मावते म्हणाल्या. फक्त पंखा फार आवाज करतो, तो बंद ठेवून मे महिन्यात कसं होणार ते बघायचंय. तोपर्यंत कोथरूडच्या बाजूला राहणारं, शनिवारी आठला उठू शकणारं कुणी असेल तर मेल करा. आवाज चांगला असायची अट नाही, मलाही घेतलंय.