सव्वादोन इंच

किल्टवरचा पट्टा काहीच धरून ठेवत नाही, हे मला मेरठहून पार्सल आल्यावर कळलं. किल्टला स्वतःचेच बारके चामडी पट्टे असतात, दोन्ही कुशींवर आवळायचे. पुढे सपाट पदर, मागे चुण्याच चुण्या. अस्सल लोकरी किल्टला सात मीटरच्या वर कापड लागतं. आमचे पॉलिएस्टरचे आहेत आणि मीटरही बरेच वाचवलेले आहेत. या सगळ्यावरून जो रुंद काळा पट्टा येतो, तो निव्वळ दिसण्यासाठी. मी पप्पांना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "वरातीत दिसण्यासाठी नसलेलं काय असतं गं?"

आमची बँड पार्टी आहे, राहुरी तालुक्यात. पणजोबा हलगी वाजवायचे, पप्पा क्लॅरिनेट वाजवतात, आणि मी बुकिंग, हिशोब आणि इन्स्टाग्राम बघते. डीजे आल्यापासून एका लग्नसराईत पूर्वी जेवढ्या सुपाऱ्या मिळायच्या, त्याच्या निम्म्याही राहिल्या नव्हत्या. मग पुण्याच्या एका लग्नात पप्पांनी किल्ट घातलेले पायपर पाहिले. परत आले ते वेगळेच होऊन. दोन पाइप, सहा किल्ट आणि पट्टे मागवले. भिंगारच्या कॅम्पातून निवृत्त झालेल्या एका हवालदारांकडे आठ महिने शिकवणी लावली. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी.

पाइपला सूर नऊच. त्यांची पट्टी आपल्या खमाज थाटाच्या जवळ जाते, आणि खांद्यावरचे तीन भोंगे एकच सूर न थांबता धरून ठेवतात, तानपुऱ्यासारखा. क्लॅरिनेटवर सगळे कोमल-तीव्र काढणाऱ्या माणसाला हे फार जाचतं. कोणतं गाणं नऊ सुरांत बसतं, याची वही पप्पांनी केली आहे. त्यात शेकडो गाण्यांवर फुल्या आहेत.

गावात पहिल्या दिवशी अपेक्षित तेच झालं. "परकर बँड." पोरांनी व्हिडिओ काढले. पप्पांच्या सोबतच्या दोघांनी किल्ट परत दिले आणि पॅंटीवर वाजवू म्हणाले. पप्पा काहीच बोलले नाहीत, फक्त त्यानंतर कपड्यांबद्दल जास्त काटेकोर झाले. मोजे एका उंचीवर, चुण्या इस्त्रीच्या. आणि तेवढ्यात त्यांच्या पट्ट्याचं बक्कल तुटलं. जस्ताच्या ओतकामाचं, वरून पॉलिश, मागचा खिळा मुळातून गेला. वरातीच्या मध्यात. त्यांनी इलेक्ट्रिकची काळी चिकटपट्टी गुंडाळून वरात पुरी केली. त्या व्हिडिओखालच्या कमेंट मी त्यांना दाखवल्या नाहीत.

व्यापारी सुटं बक्कल पाठवेना, पूर्ण पट्टा घ्या म्हणे. पप्पांना तसलं बक्कल परत नकोच होतं. "पुढं चालणाऱ्याचं वेगळं पाहिजे. लांबून कळलं पाहिजे." मी पट्टी लावून पट्टा मोजला. सव्वादोन इंच. नगरला गेले.

(नकाशावर आता अहिल्यानगर. एसटीत अजून "नगर, नगर, नगर" असंच ओरडतात, म्हणून मीही तसंच लिहिते.)

मोची गल्लीपासून सुरुवात केली, नावावर भरवसा ठेवून. पॅंटीचा पट्टा सव्वा ते दीड इंचाचा असतो, त्यामुळे बक्कलंही तेवढीच. हजारो होती. गरुड, कवटी, इंग्रजी अक्षरं, एक तर बाटली उघडायचं. सव्वादोन इंच म्हटलं की दुकानदार आधी माझ्या कमरेकडे बघायचा. कॅम्पाच्या बाजूच्या गणवेशाच्या दुकानात मात्र रुंद पट्टे होते, पोलिसांचे. पितळी, भरघोस, अगदी हवं तसं बक्कल. दुकानदारानं ओळखपत्र मागितलं. मी बँडचं सांगितलं तर त्यानं शांतपणे पट्टा परत काचेत ठेवला. बरोबरच होतं त्याचं. आपल्याकडे शिपायाला नावाआधी बक्कल नंबर असतो. लग्नाच्या वरातीत ते बक्कल घातलं तर घालणारा कोण ठरतो?

सराफ बाजारात एकानं कंबरपट्ट्याचे साचे दाखवले. जर्मन सिल्व्हरमध्ये करून देतो म्हणाला. सुंदर काम, कोयऱ्या, मोर. पप्पांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "नवरीचं आहे हे."

संध्याकाळी घरी आले तेव्हा पप्पांनी आजीची लोखंडी पेटी काढली होती. तळातून त्यांनी एक पितळी पट्टी काढली, तळहाताएवढी, काळी पडलेली. आजोबा तहसील कचेरीत पट्टेवाले होते. खांद्यावरून तिरपा लाल पट्टा आणि त्यावर हा बिल्ला. पट्टे गेले, नवे कपडे आले, आणि बिल्ला कसा कोण जाणे घरीच राहिला. त्यावर कचेरीचं नाव आणि एक नंबर. पप्पांनी चिंच लावून तो घासला, पट्ट्यावर धरून पाहिला. रुंदी जवळजवळ जुळत होती. मागे दोन कड्या डाग दिल्या की झालं.

आजी आतून आली आणि म्हणाली, "ठेव ते."

माझ्या घरात भांडणं मोठ्या आवाजात होतात. हे झालं नाही. पप्पा म्हणाले, या पितळेमुळं आपण भाकरी खाल्ली. महिन्याच्या महिन्याला पगार, पोरांना शाळा. मी दहा वर्षांचा असताना तात्या हा पट्टा घालून निघायचे तेव्हा गल्लीतले लोक बाजूला व्हायचे. आजी म्हणाली, "गल्लीतले बाजूला व्हायचे. कचेरीत त्यांना कोण नावानं हाक मारायचं? घंटी वाजवायचे. बावीस वर्षं घंटी. तू तरी मोकळा आहेस, तुझ्या वाजवण्याला लोक पैसे देतात. आणि तू तेच परत कमरेला बांधणार?"

दोघांचंही खरं होतं, आणि एकाच बिल्ल्याबद्दल होतं. माझा कल आजीकडे होता, कारण तो बिल्ला घरी आल्यावर आजोबा कुठे अडकवायचे हे तिलाच माहीत होतं. घराबाहेर, पडवीतल्या खिळ्याला. आत कधी आणायचे नाहीत.

रात्री मी फोनवर वाचत बसले. हॉब्सन-जॉब्सन नावाचा जुना अँग्लो-इंडियन शब्दकोश आहे, १८८६ चा. त्यात सापडलं की बंगालकडे ज्याला चपरासी म्हणत, त्याला मुंबई इलाख्यात पट्टेवाला म्हणत. चपरास म्हणजे तो बिल्लाच. शब्द कुठून आला यावर मतं आहेत. काही म्हणतात, फारसीतल्या 'चप-ओ-रास्त'वरून, म्हणजे डावं-उजवं. दुसरं एक मत असं की चपरास म्हणजे मुळात बक्कलच. म्हणजे पप्पांचा हात पेटीत उगाच गेला नव्हता. आजीला हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

एकावरून दुसरं उघडत गेले. ब्रिटिशांनी १७४६ च्या कायद्यानं स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात किल्टवर बंदी घातली होती, १७८२ पर्यंत. सूट फक्त सैन्यात भरती होणाऱ्यांना. घालायचाच असेल तर आमच्यासाठी लढा, असा सौदा. म्हणजे किल्ट जगभर फिरला तो पलटणींच्या अंगावरून, आणि त्यातली एक पलटण नगरला आली होती. ८ ऑगस्ट १८०३ ला वेलस्लीच्या फौजेनं शहराच्या तटाला शिड्या लावल्या, त्यात ७८ वी हायलँडर्स आघाडीवर होती. चार दिवसांनी, १२ तारखेला किल्लाही पडला. पुढे २३ सप्टेंबरला असई, आताच्या जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव. तिथे लढलेल्या ७४ व्या आणि ७८ व्या हायलँडर पलटणींना मानचिन्ह म्हणून मिळाला हत्ती, आणि त्याच्यासोबत शब्द 'असई'. पुढे शंभराहून जास्त वर्षं स्कॉटिश सैनिकांच्या बिल्ल्यांवर हा हत्ती होता. जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन लिलावांत ते बिल्ले अजून विकायला येतात. फार देखणा हत्ती आहे.

सकाळी पप्पांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला. "हत्ती चांगलाय. कशाबद्दल दिला?"

मी सांगितलं.

"आपल्याला हरवलं म्हणून?" मग थोडं थांबून, "मग किल्टपण त्यांचाच की."

"हो."

"आणि पाइप?"

"पाइपपण."

ते बराच वेळ चहा ढवळत बसले. मला वाटलं, आता सहा किल्ट विकायला काढावे लागतात. पण ते म्हणाले, क्लॅरिनेट तरी कुठं आपल्या आळीत उगवलं होतं, ट्रम्पेट तरी कुठं. पलटणी गेल्या आणि वाजंत्र्यांनी वाद्यं ठेवून घेतली. हत्ती मात्र नको. वाद्य वाजवायचं असतं, त्यात आपला श्वास जातो. बिल्ला नुसता घालायचा असतो. मला हा फरक तेव्हा नीट पटला नाही, आणि अजूनही मी त्यावर अधूनमधून विचार करते.

शुक्रवारी त्यांचं घोडेगावला काम होतं, सुपारीचंच. शुक्रवार म्हणजे तिथला जनावरांचा बाजार. म्हशी, बैल, टेम्पो, चहा, शेण, सगळं एकत्र. बाजाराच्या कडेला जनावरांच्या साजाची पालं असतात. वेसणी, म्होरक्या, कासरे, गोंडे, झुली. एका पालावर बैलांच्या गळ्यात घालायचे घुंगरांचे चामडी पट्टे टांगलेले होते. पप्पा चालता चालता थांबले. मी पर्समधून टेप काढला. पट्टा अडीच इंच. बक्कल ओतीव पितळेचं, चौकोनी, कोपरे गोल, मधे जाडजूड जीभ. त्यावर नक्षी नाही, अक्षर नाही, नंबर नाही. कानशीचे ओरखडे तेवढे दिसत होते.

पालवाल्यानं विचारलं, "बैल कितव्या वर्षात?"

"बावन्न," पप्पा म्हणाले.

तो माणूस हसला नाही. त्यानं पप्पांकडे, मग त्यांच्या कमरेकडे पाहिलं आणि म्हणाला, जुवाखाली मान टाकणाऱ्याला हेच टिकतं, बाकीची फॅन्सी बक्कलं मोडतात. सुटं बक्कल त्यानं दिलं, घासाघीस करून. जुन्या पट्ट्यावरचं होतं, म्हणून जरा स्वस्त.

चांभाराकडे काम सोपं नव्हतं. किल्टच्या पट्ट्याला भोकं नसतात, आमच्याला तरी नव्हती, आतून वेल्क्रो आणि पुढे नुसतं अडकवलेलं बक्कल. खऱ्या जिभेच्या बक्कलाला भोकं पाहिजेत. रेक्झिनला भोकं पाडली की ते फाटतं. त्यांनी आतून म्हशीच्या चामड्याचं अस्तर लावलं, बक्कलाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे रिव्हेट मारले आणि पाव इंचाचा फरक भरून काढायला कडेनं गोट शिवला. दोन दिवस लागले. आता तो पट्टा, किल्टमध्ये एकटाच, खरोखर काहीतरी धरून ठेवू शकतो.

आजीनं तो हातात घेऊन वजन पाहिलं. "जड आहे," एवढंच म्हणाली, आणि चिंचेचा कोळ घेऊन बसली. बिल्ला परत पेटीत गेला आहे, पण घासलेला.

पहिली वरात नेवासा तालुक्यात होती. पप्पा पुढे, हातात दांडा, मागे दोन पाइप आणि ताशे. "परकर" म्हणणारे होतेच. पण एक फेटेवाले म्हातारे बाबा बराच वेळ वरातीच्या बाजूनं चालत होते, नजर पप्पांच्या कमरेवर. शेवटी त्यांनी मला विचारलं, घुंगरं का काढली? मी म्हटलं, पाइपच्या सुरात बसत नाहीत. त्यांना ते पटलं नाही.

मागच्या दोघांनी किल्ट परत मागितले आहेत. बक्कल मात्र पप्पांसारखंच पाहिजे, अशी अट आहे. पप्पा म्हणतात, मग पुढच्याचं वेगळं कसं राहील. त्यावर अजून चर्चा चालू आहे.