पाबळला एकदा जाऊन या

वाचकहो, तुमच्या घरात किंवा भावकीत दहावीला अडकून बसलेला एखादा मुलगा आहे का? असेल तर आजचा हा प्रवास त्याच्यासाठी आहे. नसेल तरी वाचा, शेजारच्या घरी उपयोगी पडेल.

माझा भाचा त्यातलाच. गणितात दोनदा गेला. मग घरी बसला. सकाळी चौकात, दुपारी चौकात, रात्री मोबाईलवर. ताई काही बोलायची नाही, पण जेवायला वाढताना ताट जरा जोरात ठेवायची. तेवढ्यात एक गृहस्थ भेटले. "चाकणला कंपनीत चिकटवून देतो," म्हणाले आणि चाळीस हजार मागितले. दाजींनी दुभती म्हैस विकायची तयारी केली. मी म्हणालो, "दाजी, म्हैस आठ दिवस थांबवा. आधी माझ्याबरोबर पाबळला चला."

"पाव्हणं, तिथं काय देव हाय काय?" दाजी म्हणाले. पण आले.

पुण्याहून नगर रस्त्याने शिक्रापूरपर्यंत यायचे आणि डावीकडे वळायचे. राजगुरुनगरकडून येणाऱ्यांनी पूर्वेची वाट धरायची. शिरूर तालुक्यातला हा भाग पर्जन्यछायेचा. एस.टी.च्या खिडकीतून दिसते ते आपल्या ओळखीचेच: कांद्याच्या वखारी, बाजरीची रानं, विहिरीवर विहिरी आणि त्यातल्या कितीतरी कोरड्या. पाबळचे नाव इतिहासात आहे ते मस्तानीमुळे. पहिल्या बाजीरावाने तिला इथली जहागीर दिली होती. १७४० साली दोघेही गेले. तिची कबर गावात आहे. वाटेवर आहे म्हणून आम्हीही पाहिली. दाजींनी टोपी काढली, भाच्याने फोटो काढला. पण आम्हाला जायचे होते ते विज्ञान आश्रमात.

आश्रम हे नाव ऐकून दाजींना वाटले होते, भजन-कीर्तन असेल. आत शिरताच कानावर आला तो लोखंड कापण्याचा कर्कश आवाज, आणि डोळ्यांपुढे उभी राहिली घुमटाकार घरे. त्यांची गोष्ट पुढे सांगतो.

हा आश्रम १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी सुरू केला. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट घेतलेला आणि मुंबईला हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरच्या जागेवर काम केलेला हा माणूस. नोकरी सोडून तो या कोरडवाहू गावात येऊन राहिला आणि २००३ साली निधन होईपर्यंत याच कामात राहिला. त्यांचे म्हणणे साधे होते. शाळा सोडलेला मुलगा मठ्ठ नसतो. त्याला पुस्तकातून शिकणे जमत नाही, हातातून जमते. आपले सगळे शिकतात तसेच. औत धरायला तुम्हाला कोणी पुस्तकातून शिकवले होते का?

इथला मुख्य अभ्यासक्रम वर्षभराचा, राहून शिकायचा. ग्रामीण तंत्रज्ञानाची पदविका म्हणतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता त्याला मिळालेली आहे. आयटीआयच्या बऱ्याच ट्रेडना दहावी पास लागते आणि मुलगा एकच धंदा शिकतो. इथे तसे नाही. मुलांना चार विभागांतून फिरवतात: वर्कशॉप आणि बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य. शेवटच्या विभागात खाद्यपदार्थ तयार करणेही आले.

दाजींना हे पटले नाही. "चार दगडांवर पाय कशाला? एकच काय ते धड शिकवा की." मलाही आधी तसेच वाटले होते. पण आपल्याच गावाकडे पाहा. नुसत्या वेल्डिंगवर वर्षाचे बारा महिने पोट भरेल एवढी फाटके आणि खिडक्यांच्या ग्रिल आपल्या गावात लागतात का? उन्हाळ्यात घरे बांधायला निघतात तेव्हा वायरिंग. रब्बीला पाणी सुरू झाले की जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या. पावसाळ्यात ओले लोखंड बाजूला ठेवून कोंबड्या पाहायच्या. शहरात एका कामाचा माणूस चालतो, खेड्यात चार कामांचा लागतो. हे पूर्वीच्या सुतार-लोहारांना माहीत होते.

आता मी जे पाहिले ते सांगतो. गोठ्यात एक गाय उभी होती आणि तिच्याभोवती चार-पाच मुले टेप घेऊन. शिक्षकांनी भाच्यालाही हाक मारली, "ये रे, धर टोक." पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घेतला: ६० इंच. खांद्याच्या टोकापासून मागे माकडहाडाजवळच्या टोकापर्यंत लांबी घेतली: ५२ इंच. मग घेराला घेरानेच गुणायचे, त्याला लांबीने गुणायचे आणि ६६० ने भागायचे. येते ते गायीचे वजन, किलोत. खडूने फरशीवर गणित मांडले. साठ साठे छत्तीसशे, गुणिले बावन्न, एक लाख सत्त्याऐंशी हजार दोनशे. भागाकार भाच्याने केला. सुमारे २८४ किलो.

"आता हिला खायला किती?" शिक्षकांनी विचारले. जनावराला रोज वजनाच्या साधारण अडीच ते तीन टक्के कोरडा अंश लागतो, म्हणजे इथे सात ते साडेआठ किलो. हिरव्या चाऱ्यात बहुतेक पाणीच. पाच किलो हिरवा मका टाकला तर कोरडा अंश जेमतेम एक किलो. एवढे ऐकून दाजी माझ्याकडे वळले. "म्हंजी आपण म्हशीला पेंढीच्या अंदाजानं घालतो ते..." आणि गप्प झाले. भाचा फरशीवर दुसरे गणित मांडत होता. टक्केवारीत नापास झालेला पोरगा तीन टक्के काढत होता. त्याच्या ते लक्षातही आले नव्हते.

वाचक भगिनींनो, टेप घरात शिवणाच्या पेटीत असतेच. तुम्हीही मोजून पाहा. अंदाज काट्याइतका बिनचूक नसतो, पण बाजारात दलालाच्या डोळ्यापेक्षा बरा.

वर्कशॉपमध्ये एक मुलगा फाटकाचा हिशेब लिहीत होता. इथे कोणतीही वस्तू केली की तिचा खर्च काढावाच लागतो. लोखंड वजनावर, वेल्डिंगचे रॉड, रंग, मजुरी. यात नवखा माणूस वीज आणि हत्यारांची झीज विसरतो, आणि तिथेच बुडतो. आपल्याकडे कितीतरी चांगले कारागीर कामाला पक्के असूनही धंद्यात बसले, ते याच चुकीने. अशी कामे मुले गावासाठीही करतात. लोकांना ती वापरायची असतात म्हणून वेडीवाकडी करून चालत नाहीत.

घुमट राहिले. ते असे: लोखंडी अँगलचे तुकडे त्रिकोणात जोडत जातात. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. म्हणून भार सगळीकडे वाटला जातो आणि थोड्या लोखंडात, मधे खांब न घेता मोठी खोली उभी राहते. वर जाळी आणि सिमेंटचा थर देतात. दाजींनी एका घुमटाच्या भिंतीवर दोन-तीन बुक्क्या मारल्या आणि विचारले, "कांदा साठवायला चालंल का?" वाऱ्याची सोय वेगळी करावी लागेल, असे उत्तर मिळाले. २००२ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी.च्या मदतीने इथे फॅब लॅबही सुरू झाली. संगणकावर आकृती काढायची आणि यंत्राने वस्तू कापून काढायची. भाचा तिथेच अर्धा तास अडकला होता.

सगळेच गोड आहे असे मी सांगणार नाही. वर्ष संपले की मुलगा गावात येतो, आणि खरी परीक्षा मग सुरू होते. दुकान टाकायला भांडवल लागते. ट्रान्सफॉर्मर आणि ग्राइंडर उधारीवर मिळत नाहीत, पण गावाला मात्र फाटक उधार हवे असते. "आपलाच हाय, सुगीला देतो," म्हणतात आणि सुगी निघून जाते. तालुक्याच्या दुकानदाराला रोख मोजणारे आपण, घरच्या पोराला मात्र थांबवतो. अशाने तो कंटाळून दरमहा ठरलेल्या पगारावर निघून जातो. त्याचे काय चुकले? मुलींचे आणखी अवघड. मोटर भरायला शिकलेली मुलगी आपल्या विहिरीवर आली, तर आपण तिला काम सांगू की तिच्या बापाला चार शब्द सुनावू? मी स्वतःशीही हे विचारले. उत्तर द्यायला मला वेळ लागला.

परतीच्या एस.टी.त दाजी खिडकीशी बसले होते. शिक्रापूर येईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाव्हणं, भावकीत इचारलं तर काय सांगायचं? पोरगं लोहारकी शिकतंय म्हणून?" मागच्या बाकावरून भाचाच बोलला, "सांगा की, शिकतंय म्हणून."

आता तो तिथे आहे. चाळीस हजार मागणारे गृहस्थ दोनदा घरी येऊन गेले. ताईने त्यांना चहा दिला आणि म्हशीचा विषय काढू दिला नाही. मागच्या आठवड्यात मी गेलो तर दाजी गिरणीशेजारच्या मोकळ्या जागेत चार खांब रोवत होते. वर पत्रा टाकायचा आहे. खाली काय सुरू करायचे, ते पोरगे आल्यावर ठरेल म्हणाले.