गोव्याची जुनी वस्त्रं जपणारं घर

गोवा म्हटलं की समुद्रकिनारा, चर्च आणि मासळीची थाळी आठवते. पण पुढच्या वेळी कुटुंबासोबत गोव्याला जाल, तेव्हा अर्धा दिवस बार्देश तालुक्यातल्या कोलवाळ गावासाठी राखून ठेवा. इथल्या सुमारे ४५० वर्षं जुन्या ‘कासा दोना मारिया’ या घरात ‘मोडा गोवा’ हे पेहरावाचं संग्रहालय आहे.

हे घर फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांचं. गोव्याच्या पेहरावाचा इतिहास सांगणारं त्यांचं ‘मोडा गोवा’ हे पुस्तक २०१२ मध्ये आलं. २०१६ मध्ये त्यांनी आपला ब्रँड दुसऱ्या हाती सोपवला आणि राहत्या घराचं संग्रहालय करायच्या कामाला वाहून घेतलं. १२ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांचं निधन झालं. २०२४ मध्ये संग्रहालय खुलं झालं, ते पाहायला मात्र ते नव्हते.

एकेका कपड्यात केवढी गोष्ट दडलेली असते! १७३६ मध्ये इन्क्विझिशनच्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्या गोवेकरांवर धोतर आणि चोळी घालायला बंदी आणली होती. पुढे ख्रिस्ती घरांतल्या स्त्रियांचा ‘पानो भाजू’ आला. कमरेला गुंडाळायचं वस्त्र आणि वर सैलसर झगा. तो घालून त्या मांडो नृत्य करत.

सगळ्यात जवळची वाटते ती कुणबी साडी. लाल-पांढऱ्या चौकड्यांची, खांद्यावर गाठ मारून गुडघ्यापर्यंत नेसायची. भातशेतीच्या चिखलात राबणाऱ्या बाईला सोयीची! काळाच्या ओघात ती विणणं जवळजवळ बंदच झालं होतं. वेंडेल यांनी ती पुन्हा विणून घेतली आणि थेट फॅशन शोच्या रॅम्पवर आणली.

राजघराण्याचे शालू सगळेच जपतात, शेतातल्या बाईचं लुगडं कोण जपतं? माझ्या आजीची नऊवारी आमच्या कपाटात आहे. ती कशी नेसायची, हे विचारायचं मात्र राहून गेलं. तुम्ही ती चूक करू नका. घरातली जुनी साडी बाहेर काढा, आजीकडून नेसायला शिका, मोबाइलवर व्हिडिओ करून ठेवा.

कसं जाल?

कोलवाळ मुंबई-गोवा महामार्गावर, म्हापशाच्या जवळ आहे. रेल्वेने यायचं तर थिवी स्टेशनवर उतरा. निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या वेळा नक्की पाहून घ्या.