स्फुरण

‘स्फुरण’ हा शब्द आपण बहुधा काव्यनिर्मितीच्या संदर्भात वापरतो. थरथरणे, फडफडणे हा त्याचा मूळ अर्थ मला ठाऊक होता. पण तो अंगी येण्यास माझी डावी पोटरी कारणीभूत झाली.

उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत एका रात्री पोटरीच्या कातडीखाली काहीतरी वळवळल्यासारखे झाले. वेदना नव्हती. आठवडाभरात ती फडफड दंडात, पापणीत, तळपायात हिंडू लागली. आई म्हणाली, ‘अरे, डोळा लवतो तसा पाय लवतोय. झोप जरा.’ तिथेच थांबायला हवे होते. मी इंटरनेट उघडले आणि ‘मोटर न्यूरॉन डिसीज’ हे नाव समोर आले.

पुढचे चार महिने रोज पन्नास वेळा चवड्यांवर उभे राहायचे आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप पोटरीभोवती गुंडाळायची, हा माझा नित्यनेम झाला. डावी पोटरी पाव इंच बारीक भरली त्या दिवशी वर्गात काय शिकवले ते मला आठवत नाही. (ती पूर्वीपासूनच तशी असणार, आधी मोजली कुणी होती?) या कसरतीने स्नायू थकत, थकले की अधिक फडफडत, आणि तोच मला नवा पुरावा वाटे.

न्यूरॉलॉजिस्टांनी टाचांवर, मग चवड्यांवर चालवले, हातोडीने गुडघे ठोकले. ईएमजी केली. सुई स्नायूत शिरताना यंत्रातून क्षणभर खर्र आवाज येई, मग शांतता. ‘ताकद शाबूत आहे, स्नायू झिजलेले नाहीत. ही फडफड सौम्य आहे,’ ते म्हणाले. कारण विचारले. ‘चहा-कॉफी, जागरण, ताण. कधीकधी काहीच नसते.’

हे ‘काहीच नसते’ मला सोसवेना. मेयो क्लिनिकने १९९३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मी शोधून काढला: अशीच सौम्य फडफड असलेले १२१ जण, २ ते ३२ वर्षांचा पाठपुरावा, आणि त्यांपैकी एकालाही तो आजार झाला नाही. हा दिलासा दोन आठवडे पुरला. नंतर मी स्वतःला एकशेबाविसावा ठरवले.

यात माझ्या व्यवसायाचाही दोष आहे, असे मला वाटते. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त आश्रमात शिरणाऱ्या दुष्यंताचा उजवा बाहू स्फुरतो, आणि त्याला शकुंतला भेटते. पाचव्या अंकात राजसभेत आलेल्या शकुंतलेचा उजवा डोळा लवतो, आणि ती नाकारली जाते. तिथे एकही स्फुरण वाया जात नाही. संहितेत निरर्थक काही नसते, हे मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो. तेच निकष पोटरीला लावताना आपण फलज्योतिष सांगू लागलो आहोत, हे ध्यानात आले नाही.

समुपदेशकाने माझ्या भीतीशी वाद घातला नाही. मोजण्याची ऊर्मी आली की पंधरा मिनिटे थांबायचे, मग अर्धा तास, एवढेच सांगितले. पहिल्या पंधरा मिनिटांत मी घड्याळाकडे किती वेळा पाहिले, ते लिहायला संकोच वाटतो.

फडफड थांबलेली नाही. आता हे लिहितानाही उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ती चालू आहे. टेप आईच्या डब्यात परत गेली आहे. गेल्या महिन्यात एकदा काढली होती, बटण लावायला दोरा शोधण्याच्या निमित्ताने.